विक्री एका क्लिकवर, तक्रार मात्र वाऱ्यावर
सॉफ्टवेअर कंपन्यांच्या जाहिराती आणि हेल्पलाइन चालतात कशा, आणि ग्राहकाच्या हातात काय उरतं?

जून महिना. पहिला पाऊस पडून गेलेला, जालन्यात बी-बियाणं आणि खतं घ्यायला झुंबड उडालेली. मस्तगड किल्ल्याभोवतीच्या जुन्या वस्तीतलं एखादं कृषी सेवा केंद्र नमुन्यादाखल डोळ्यांसमोर आणा. काउंटरवर आठ-दहा शेतकरी उभे आहेत. दुकानदार बिल काढायला बटण दाबतो आणि पडद्यावर पाटी येते, ‘आपल्या परवान्याची मुदत संपली आहे.’ पैसे तर गेल्याच आठवड्यात खात्यातून वळते झालेत, बँकेचा मेसेज मोबाइलवर आहे. तो हेल्पलाइनला फोन लावतो. आधी हिंदी की इंग्रजी ते निवडा, मग एक दाबा, मग चार दाबा, मग गाणं ऐका. शेवटी ई-मेल केल्यावर तिकीट क्रमांक मिळतो. दुसऱ्या दिवशी निरोप येतो, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ बिलाचं सॉफ्टवेअर मात्र तसंच ठप्प.

हीच कंपनी सॉफ्टवेअर विकताना किती तत्पर होती! चौकशीचा फॉर्म भरल्यावर पाच मिनिटांत फोन आला होता. नाव घेऊन बोलणारा माणूस होता, सवलत ‘फक्त आजच्या दिवस’ होती. मग विकताना जे जमलं ते मदत करताना का जमत नाही? माणसं कामचुकार आहेत म्हणून असं होतं, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती बरीचशी चुकीची आहे. फोन उचलणारा मुलगा बहुतेक वेळा सांगितलेलं काम नीट करत असतो. त्याला सांगितलेलं काम आणि आपली अडचण या दोन वेगळ्या गोष्टी असतात, खरी गोम इथे आहे.

आपण नेमकं काय विकत घेतो?

दुकानातून पंखा आणला की तो आपला होतो. सॉफ्टवेअरचं तसं नसतं. आपण पैसे मोजतो ते वापरण्याच्या परवानगीचे, म्हणजे लायसन्सचे. भाड्याच्या घरासारखाच हा व्यवहार आहे. घरात सामान आपलं, राबता आपला, पण कुलूप बदलण्याचा अधिकार मालकाकडे. मुदत संपली किंवा मालकाच्या वहीत भाडं चुकून नोंदलं गेलं नाही, तर आपलंच सामान आत आणि आपण बाहेर. दुकानदाराची सगळी उधारी, मालाचा साठा, जीएसटीचा हिशोब त्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. म्हणून कंपनी बदलणं त्याला सोपं नसतं, आणि हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं.

पूर्वी सॉफ्टवेअर डब्यातून यायचं. एकदा पैसे दिले की ती सीडी वर्षानुवर्षं चालायची, आणि अडलं तर गावातला संगणक दुरुस्तीवाला यायचा. पुण्याच्या काटकर बंधूंची क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी तर दुरुस्तीच्या दुकानातूनच उभी राहिली. थोरले कैलास काटकर आधी कॅल्क्युलेटर आणि इतर यंत्रं दुरुस्त करायचे, धाकटे संजय काटकर यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्या काळात विकणारा आणि दुरुस्त करणारा यांच्यात फार अंतर नव्हतं. आज सॉफ्टवेअर इंटरनेटवरून येतं, पैसे दर महिन्याला किंवा वर्षाला जातात आणि विकणारं कार्यालय दूरच्या शहरात, कधी परदेशात असतं.

सॉफ्टवेअर हा माल की सेवा, यावर न्यायालयांतही बराच खल झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात तयार, बाजारात मिळणारं सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे असं ठरवलं. २०२२ मध्ये क्विक हीलच्याच खटल्यात, दुकानातून विकलेल्या अँटिव्हायरसवर सेवाकर लागत नाही, असा निर्णय दिला. हे दोन्ही वाद कराचे होते. ग्राहकाने त्यात अडकून पडायचं कारण नाही, कारण ग्राहक संरक्षण कायदा मालातला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन्हींसाठी दाद देतो.

जाहिरातीचं गणित

आपण मोबाइलवर ‘बिलिंग सॉफ्टवेअर’ असं शोधतो तेव्हा सगळ्यात वर जाहिराती दिसतात. ती जागा लिलावाने विकली जाते. त्या शब्दांसाठी कंपन्या बोली लावतात आणि आपण जाहिरातीवर बोट टेकवलं की सहसा तेव्हाच कंपनीच्या खात्यातून पैसे जातात. बोट टेकवणाऱ्यांपैकी थोडेच जण विकत घेतात. त्यामुळे एक ग्राहक मिळवायचा खर्च मोठा होतो आणि पहिल्या वर्षाच्या किमतीतून तो अनेकदा वसूलच होत नाही.

मग वसुली कुठे होते? दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी. म्हणून पहिलं वर्ष स्वस्त आणि नूतनीकरण महाग असतं. म्हणून ‘ऑटो-रिन्यूअल’ची खूण आधीच केलेली सापडते आणि ती काढायची जागा चार पानं आत दडलेली असते. सवलतीचा आकडा ठळक आणि पुढच्या वर्षीचा आकडा तारांकित तळटिपेत, हेही त्याच गणितातून येतं. जाहिरात हे वचन असतं आणि तळटीप त्यातून निसटण्याची वाट.

याचं ताजं उदाहरण आपल्या देशातलंच आहे. रॅपिडो या प्रवासी ॲपने ‘पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये मिळवा’ अशी जाहिरात सुमारे दीड वर्ष, १२० हून अधिक शहरांत, अनेक भाषांत केली. प्रत्यक्षात मिळायची ती ‘५० रुपयांपर्यंत’ची रॅपिडोची नाणी. ती फक्त बाइकच्या फेरीसाठी चालायची आणि सात दिवसांत बाद व्हायची. शिवाय ही हमी कंपनीची नसून चालकाची आहे, असं अटींमध्ये लिहिलेलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीला १० लाख रुपये दंड केला, जाहिरात थांबवायला लावली आणि ज्यांना कबूल केलेले ५० रुपये मिळाले नाहीत त्यांना ते देण्याचा आदेश दिला.

याच प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांत आपल्या कामाचा एक नियम आहे. दावा ज्या भाषेत आणि ज्या अक्षरांत केला, खुलासाही त्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत हवा, आणि खुलाशाने मूळ दावा खोडता कामा नये. म्हणजे ‘२४ तास मदत’ मराठीत मोठ्या अक्षरात आणि ‘सुट्ट्या वगळून’ इंग्रजीत बारीक अक्षरात, हे नियमात बसत नाही.

हेल्पलाइनच्या आत काय चालतं?

कंपनीच्या हिशोबात जाहिरातीतून पैसा येतो आणि मदतकक्षातून जातो. म्हणून जाहिरातीचं यश ‘किती विकलं’ यावर मोजतात आणि मदतकक्षाचं यश ‘किती कमी खर्चात किती तक्रारी बंद झाल्या’ यावर. पुढचं सगळं या एका फरकातून येतं.

मदतकक्षात साधारण तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर चॅटबॉट आणि ‘नेहमीचे प्रश्न’ असतात. जितके ग्राहक इथेच वळवता येतील तितके वळवायचे, हा त्यांचा हेतू. दुसऱ्या पायरीवर माणूस भेटतो, पण तो बहुधा कंपनीचा नोकर नसतो. ते काम दुसऱ्या कॉल सेंटरला कंत्राटावर दिलेलं असतं. त्याच्यासमोर लिखित संहिता असते. आधी संगणक बंद करून चालू करायला सांगा, मग सॉफ्टवेअर काढून परत टाकायला सांगा. एका फोनला सरासरी किती वेळ लागला आणि दिवसाला किती तिकिटं बंद झाली, यावर त्याचं मूल्यमापन होतं. तुमच्या खात्यात पैसे जमा झाले की नाही हे पाहण्याचा अधिकार त्याला पुष्कळदा नसतोच. खरा उपाय ज्याच्या हातात आहे तो तंत्रज्ञ किंवा हिशोब विभाग तिसऱ्या पायरीवर असतो, आणि तिथपर्यंत थोड्याच तक्रारी पोहोचू दिल्या जातात.

आता आपल्या दुकानदाराला आलेला ‘तक्रार निकाली’ हा निरोप पुन्हा पाहा. उत्तराचा ई-मेल गेला की तिकीट ‘सुटलं’ अशी नोंद होते. ग्राहकाने ठरावीक वेळात उलट लिहिलं नाही की ते आपोआप बंद होतं. त्याने पुन्हा फोन केला की नवं तिकीट, नवा माणूस आणि पहिल्यापासून तीच कथा. कंपनीच्या तक्त्यावर मात्र तीन तक्रारी आल्या आणि तिन्ही वेळेत सुटल्या, असं दिसतं. वरच्या साहेबांना अडचण दिसतच नाही, कारण ती दिसावी अशी मोजणीच नसते.

यात भाषेचा अडसर वेगळाच. जाहिरात मराठीत करायला एकदाच खर्च येतो, मराठी बोलणारा माणूस फोनवर बसवायला रोज येतो. म्हणून गिऱ्हाईक होईपर्यंत मराठी आणि तक्रारदार झाल्यावर इंग्रजी, असा अनुभव येतो.

आपोआप कापले जाणारे पैसे

हा आजार नवा नाही. २००९ मध्ये सिमँटेक आणि मॅकॅफी या दोन मोठ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी, ग्राहकांना नीट न सांगता नूतनीकरणाचे पैसे कापल्याच्या आरोपावरून न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवादींशी तडजोड केली आणि प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर भरले.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. कार्डावरून किंवा यूपीआयवरून ठरावीक मुदतीने पैसे कापायचे असतील तर कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे आणि ते थांबवण्याची सोय त्याच्याकडे हवी. साधारणपणे १५ हजार रुपयांच्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपीसारखी नवी संमती लागते. त्याखालच्या रकमेला पहिल्या वेळची संमती पुरते, आणि बहुतेक छोट्या सॉफ्टवेअरची वर्गणी या मर्यादेच्या आत बसते. म्हणून तो २४ तास आधीचा मेसेज वाचणं महत्त्वाचं. नको असलेली परवानगी बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ या ठिकाणी जाऊन स्वतः रद्द करता येते. त्यासाठी सॉफ्टवेअर कंपनीचा फोन लागायची वाट पाहावी लागत नाही.

तेरा फसव्या क्लृप्त्या

संकेतस्थळाची किंवा ॲपची मांडणीच अशी करायची की माणसाने नको ते बटण दाबावं, याला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा प्रकारांवर बंदी घातली. त्यातले चार आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहेत.

पहिला, खोटी घाई. ‘सवलत संपायला दहा मिनिटं’ असं उलटं घड्याळ लावायचं आणि पान पुन्हा उघडलं की ते पहिल्यापासून सुरू. दुसरा, वर्गणीचा सापळा. घेणं सोपं, रद्द करणं किचकट, किंवा मोफत चाचणीसाठीही आधी कार्डाचा तपशील मागायचा. तिसरा, सॉफ्टवेअर सेवेची छुपी आकारणी, म्हणजे मोफत चाचणी संपून पैसे सुरू झाले तरी न सांगणं. चौथा, खोटा व्हायरस दाखवून तो काढण्याचे पैसे उकळणं.

हा चौथा प्रकार फक्त भुरटे चोर करतात असं नाही. अमेरिकेतली ऑफिस डेपो ही नामांकित दुकानांची साखळी ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची संगणक तपासणी फुकट करून द्यायची. सुरुवातीला चार प्रश्न असायचे, संगणक मंद झालाय का, सारखा बंद पडतो का, अशा धर्तीचे. त्यातल्या एका जरी चौकटीत खूण केली की तपासणीत काहीही सापडो, निकालात व्हायरसची लक्षणं दिसायचीच. मग दुरुस्तीची सेवा विकली जायची. २०१९ मध्ये ऑफिस डेपोने २.५ कोटी डॉलर आणि हे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने १ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. इथे मदत हीच जाहिरात झाली होती.

न लागणाऱ्या फोनचा फायदा कुणाला?

खरी हेल्पलाइन लागत नाही तेव्हा माणूस घाईने इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो. नेमकं इथेच ठग बसलेले असतात. ते कंपनीच्या नावाने खोटे क्रमांक पसरवतात. त्यांचा फोन मात्र पहिल्या रिंगला उचलला जातो. ते गोड बोलतात आणि मोबाइलवर एनीडेस्कसारखं, दुरून पडदा पाहू देणारं ॲप टाकायला सांगतात. अशा प्रकारांबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ॲप स्वतः वाईट नाही. पण त्यातून मिळणारा अंक समोरच्याला सांगितला की ओटीपीसकट सगळं त्याला दिसू लागतं.

म्हणून क्रमांक घ्यायचा तो बिलावरून किंवा सॉफ्टवेअरच्या आतल्या ‘मदत’ या पानावरून. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा आणि बँकेला लेखी कळवायचं. तिऱ्हाइताच्या फसवणुकीत ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं असेल, तर ग्राहकावर बोजा येत नाही, असं रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं. स्वतःहून ओटीपी किंवा पिन दिला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान स्वतःला सोसावं लागतं.

दूरची कंपनी, जवळचा आयोग

कंपनी बेंगळुरूची, अटींमध्ये ‘वाद बेंगळुरूच्याच न्यायालयात’ असं लिहिलेलं. मग जालन्याच्या माणसाने काय करायचं? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने याचं उत्तर दिलं आहे. हा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे मस्तगडच्या दुकानदाराला जालन्याचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. अटींमध्ये लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

मात्र दुकानदार ‘ग्राहक’ ठरतो का? कायदा व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॉली मेडिक्युअर या वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीची तक्रार याच मुद्द्यावर नाकारली. तिने आयात-निर्यातीच्या कामासाठी सॉफ्टवेअर घेतलं होतं, आणि ते नफ्याच्या व्यवसायाशी जोडलेलं असल्याने ती ग्राहक ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण त्याच कायद्यात सवलतही आहे. स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी जो वस्तू वापरतो, तो ग्राहकच आहे. म्हणून छोट्या दुकानदाराने तक्रारीत ‘हे दुकान मी स्वतः चालवतो, माझा उदरनिर्वाह यावरच आहे’ हे वाक्य आवर्जून लिहावं. ते राहिलं तर तक्रार पहिल्याच पायरीवर अडखळू शकते. आणि पूर्णपणे फुकट मिळालेल्या सेवेसाठी या कायद्यात दाद नाही, हेही ध्यानात ठेवावं.

आयोगाच्या आधीही दोन पायऱ्या आहेत. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. हेल्पलाइनच्या तिकिटापेक्षा या अधिकाऱ्याला लिहिलेल्या ई-मेलला जास्त वजन असतं, कारण त्याची मुदत कंपनीने नव्हे, नियमाने ठरवलेली आहे. दुसरी पायरी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. तिथे मराठीत बोलता येतं. तिथे साचलेल्या तक्रारी वाया जात नाहीत. रॅपिडोच्या प्रकरणातही याच हेल्पलाइनवरच्या शेकडो तक्रारींची दखल घेतली गेली होती.

चौकट : थोडक्यात

* घेण्याआधी : पुढच्या वर्षीचा दर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. जाहिरातीचा फोटो काढून ठेवा.
* पैसे भरताना : ऑटो-रिन्यूअलची खूण तपासा. आपली माहिती बाहेर काढून घेता येते का, ते पाहा.
* वापरताना : हिशोबाची प्रत दर आठवड्याला वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा.
* अडल्यावर : फोननंतर त्याच दिवशी ई-मेल करा. तारीख, वेळ आणि तिकीट क्रमांक लिहा. तिकीट न सुटता बंद झालं तर ‘तक्रार सुटलेली नाही’ असं लगेच उत्तर द्या.
* पुढे : तक्रार निवारण अधिकारी, मग १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग.
* फसवणूक झाल्यास : १९३० आणि बँक, दोन्हीकडे त्याच दिवशी.

आपल्या तक्रारीने काय होतं?

‘हजार-दोन हजारांसाठी कोण भांडत बसणार’ हा विचार समजण्यासारखा आहे. आयोगात निकालाला वेळ लागतो, हेही खरं. पण कंपनीचं सगळं गणित याच विचारावर उभं असतं. शंभरातले नव्याण्णव गप्प बसतील असं गृहीत धरलं की मदतकक्षावर खर्च करायची गरजच उरत नाही. लेखी तक्रारी वाढल्या, अधिकाऱ्यांच्या नोटिसा येऊ लागल्या, की तोच मदतकक्ष सुधारणं स्वस्त पडतं. महाराष्ट्राला याची परंपरा आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाच नव्हता, तो १९८६ मध्ये आला. आज कायदा आहे, आयोग आपल्या जिल्ह्यात आहे आणि हेल्पलाइन आपल्या भाषेत बोलते. फोनवर संतापून गप्प बसू नका. घडलं ते तारखेनिशी लिहा, पुरावे जोडा आणि तक्रार नोंदवा.